हेडसेट आपला, किल्ली कंपनीची

अमेरिकेतला मामा डिसेंबरात येणार म्हटलं की भाच्याची यादी आधीच तयार असते. पूर्वी त्या यादीत आयफोन असायचा, आता बऱ्याच घरांत व्हीआर हेडसेट असतो, आणि तो बहुतेक वेळा मेटाचा क्वेस्ट असतो. मेटा तो भारतात स्वतः विकत नाही. ऑनलाइन दुकानांत दिसतो तो कुणीतरी आयात करून ठेवलेला. घ्यायचा विषय निघाला की गेम खेळणाऱ्या मित्रांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘डोळे मिटून घे, एवढ्या पैशात इतकं चांगलं दुसरं काही मिळत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘फेसबुकचे कॅमेरे डोक्याला बांधून स्वतःच्या घरात फिरणार? शुद्धीवर आहेस ना?’

दोघंही खरं तेच सांगतात, म्हणून हा वाद मिटत नाही. खरेदी करणाऱ्याने मात्र मालक सज्जन की दुर्जन या चर्चेत फार अडकू नये. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: उद्या त्या कंपनीने धोरण बदललं किंवा तिचा या धंद्यातला रस संपला, तर आपल्या हातात काय उरेल? खालचं सगळं त्या एका प्रश्नाच्या आधाराने वाचा.

आधी या भांडणाचं मूळ समजून घ्यायला हवं, कारण आजच्या अटी तिथूनच आल्या. पामर लकी हा कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा पोरगा आई-वडिलांच्या गॅरेजमध्ये हेडसेट जुळवत बसायचा. ‘डूम’ गेमचा कर्ता जॉन कारमॅक याने त्याचा नमुना २०१२च्या ई-३ प्रदर्शनात लोकांना दाखवला आणि बोलबाला झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लकीच्या ऑक्युलस कंपनीने किकस्टार्टर या वर्गणीच्या साइटवर अडीच लाख डॉलर मागितले, जमले जवळजवळ २४ लाख. पैसे देणारे गेमरच होते. पुढे २५ मार्च २०१४ला फेसबुकने, म्हणजे आजच्या मेटाने, ऑक्युलस २०० कोटी डॉलरना घेत असल्याचं जाहीर केलं. वर्गणी देणाऱ्यांना यात छदामही मिळणार नव्हता, तसा करारही नव्हता. पण आपण पेरलं आणि कापणी भलत्यानेच केली, अशी त्यांची भावना झाली. ‘माइनक्राफ्ट’चा निर्माता मार्कुस पर्सन स्वतः वर्गणीदार होता. त्याने ऑक्युलससाठी माइनक्राफ्ट आणण्याची बोलणी तिथल्या तिथे मोडली. (त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याची स्वतःची मोयांग कंपनी २५० कोटी डॉलरना मायक्रोसॉफ्टकडे जात असल्याचं जाहीर झालं, हे त्याचे चाहते सहसा सांगत नाहीत.)

फेसबुकचं अकाउंट सक्तीचं होणार नाही, असं लकीने तेव्हा लोकांना सांगितलं होतं. तो स्वतः २०१७मध्ये कंपनीतून बाहेर पडला आणि ऑगस्ट २०२०मध्ये सक्तीची घोषणा झाली. ऑक्टोबरात आलेला क्वेस्ट २ फेसबुक लॉगिनशिवाय चालूच होत नव्हता. काही जणांनी फक्त हेडसेटसाठी नवं फेसबुक अकाउंट उघडलं, ते यंत्रणेला संशयास्पद वाटलं, अकाउंट बंद झालं आणि तीनशे डॉलरचा नवाकोरा हेडसेट शोपीस होऊन बसला. जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने डिसेंबर २०२०मध्ये चौकशी सुरू केली. फेसबुकने त्याआधीच तिथली विक्री थांबवली होती. अखेर २०२२मध्ये वेगळं ‘मेटा अकाउंट’ आलं आणि फेसबुकची सक्ती गेली. म्हणजे गेमरांची ओरड आणि सरकारी डोळे एकत्र आले तेव्हा फरक पडला. पण दोन वर्षं लागली, आणि लॉगिनची अट गेली नाही, फक्त त्यावरची पाटी बदलली.

हेडसेट पहिल्यांदा डोक्यावर चढवताना हे नीट दिसतं. पडद्यावर खेळ येत नाही, सूचना येतात. फोनवर ॲप घ्या, त्यात लॉगिन करा, ब्लूटूथने जोडा, वाय-फाय द्या, अपडेट उतरू द्या. हे सगळं झाल्यावर भिंती, सोफा, टीपॉय कॅमेऱ्यातून दिसू लागतात आणि खेळायची हद्द आखायला सांगितली जाते. आपल्या मालकीच्या वस्तूत शिरायला आधी दुसऱ्याची परवानगी लागते. पागडीच्या खोलीसारखंच आहे हे: रक्कम आपण मोजली, राहतोही आपणच, पण मूळ मालकाला विचारल्याशिवाय भिंत हलवता येत नाही. पागडीतही माणसं सुखाने राहतात, अटी ठाऊक असल्या म्हणजे झालं.

अकाउंट उघडताना

मेटा अकाउंट वेगळ्या ईमेलवर उघडा आणि ते फेसबुक-इन्स्टाग्रामला जोडू नका. जोडायची सोय पडद्यावर ठळक असते, न जोडता पुढे जायची वाट जरा बाजूला असते, ती शोधा. विकत घेतलेले सगळे गेम या अकाउंटवर बसणार आहेत, म्हणून तो ईमेल टाकाऊ नको. दहा वर्षांनी पासवर्ड विसरला तरी परत मिळवता येईल असा हवा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. जन्मतारीख खरी द्या. खोटी दिली आणि पुढे ओळख पटवायची वेळ आली, तर घेतलेल्या गेमांसकट अडकाल. प्रोफाइल कुणाला दिसावं, हे विचारलं जातं तेव्हा ‘सगळ्यांना’, ‘मित्र आणि कुटुंब’ आणि ‘एकटे’ असे पर्याय येतात. घाईत पहिला दाबू नका.

आता डेटाचं. इथे गेमर अनेकदा चुकीच्या गोष्टीला घाबरतात. कॅमेरा चोरून खोलीचं चित्रीकरण करतो का, यावर तासन्‌तास चर्चा होते. ती शंका गैर नाही. खोलीची मापं आणि फर्निचरची जागा या माहितीची परवानगी क्वेस्ट ३वर प्रत्येक ॲप वेगळी मागतं, मायक्रोफोनचंही तसंच. ज्या गेमला गरज नाही त्याला नाही म्हणा. ‘अधिकची माहिती कंपनीला पाठवा’ हे बटणही सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. पण खरी ओळख तुमच्या हालचालीत असते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२०मध्ये ५११ जणांना व्हीआरमधले व्हिडिओ दाखवले आणि पाच मिनिटांहूनही कमी हालचालींवरून त्यातला नेमका माणूस ९५ टक्के वेळा ओळखला. २०२३मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी ‘बीट सेबर’ खेळणाऱ्या ५५ हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या. हा तलवारीने ठोकळे कापायचा गाण्याचा खेळ. शंभर सेकंदांच्या हालचालीवरून ९४ टक्के अचूक ओळख पटली. उंची, हाताची लांबी, मनगट वळवायची लकब यांची गोळाबेरीज जवळजवळ बोटांच्या ठशाइतकी पक्की निघते.

याला बटण नाही, कारण हालचाल टिपली नाही तर खेळच नाही. ऑनलाइन खेळता तेव्हा ती सर्व्हरवर जाते आणि समोरच्या खेळाडूंच्या यंत्रापर्यंतही पोचते. मेटाचा नको म्हणून सोनीचा किंवा व्हॉल्व्हचा घेतला तरी हे टळत नाही. फरक एवढाच, की जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीला या माहितीत जास्त गोडी असणार. जाहिरातींचा एक प्रयोग होऊनही गेला. जून २०२१मध्ये फेसबुकने ‘ब्लास्टन’ या गेमात जाहिरातींची चाचणी जाहीर केली. हा विकत घ्यायचा गेम होता. खेळाडू इतके भडकले की काही दिवसांतच गेमच्या कंपनीने अंग काढून घेतलं. तो प्रकार तेव्हा थांबला, कायमचा थांबला असं समजू नका.

गेम कुठून घ्यायचे

माझ्या मते कोणता हेडसेट घ्यावा यापेक्षा गेम कोणत्या दुकानातून घ्यावेत हा निर्णय मोठा आहे, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. हेडसेट चार-पाच वर्षांनी बदलतो, गेमांचा साठा वाढत जातो. तो साठा दुसऱ्या कंपनीच्या हेडसेटवर नेता येणार की नाही, यावर तुमचं पुढचं स्वातंत्र्य अवलंबून आहे. क्वेस्टच्या दुकानातला गेम क्वेस्टवर चालतो. प्लेस्टेशनचा प्लेस्टेशनवर, आणि तिथेही सोनीच्या जुन्या पीएसव्हीआर हेडसेटचे गेम नव्या पीएसव्हीआर २वर आपोआप चालत नाहीत. स्टीम या व्हॉल्व्हच्या संगणकी दुकानात घेतलेला गेम संगणकाला जोडता येणाऱ्या बहुतेक हेडसेटवर चालतो, मग तो व्हॉल्व्हचा असो वा क्वेस्ट. २०१९पासून ‘ओपन-एक्सआर’ नावाचं सामाईक मानक आहे, त्यामुळे ही अदलाबदल आणखी सोपी झाली.

घरी चांगल्या ग्राफिक्स कार्डचा संगणक असेल तर माझा सल्ला सरळ आहे: जो गेम दोन्हीकडे मिळतो तो स्टीमवर घ्या. क्वेस्टवर २०२३च्या अखेरीपासून स्टीम लिंक आहे, त्यामुळे वायर न लावताही संगणकावरचा गेम खेळता येतो. त्यासाठी संगणक राउटरला वायरने जोडलेला हवा आणि राउटर त्याच खोलीत हवा. राउटर हॉलमध्ये आणि तुम्ही आतल्या खोलीत असाल तर चित्र अडखळेल, मळमळेल आणि दोष हेडसेटला जाईल. संगणक नसेल तर क्वेस्टच्या दुकानाशिवाय गत्यंतर नाही, आणि त्यात कमीपणा नाही. फक्त तो खर्च त्या दुकानाबाहेर नेता येणार नाही, हे धरून करा. दोन्ही दुकानांत एक सोय सारखी आहे: घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. व्हीआरमध्ये अनेक गेम पहिल्या अर्ध्या तासातच पोटात ढवळायला लावतात, म्हणून ही सोय लक्षात ठेवाच.

‘मेटाने व्हीआर बिघडवलं’ म्हणणाऱ्यांची बाजू इथे समजून घ्यायला हवी. ‘ऑनवर्ड’ हा सैनिकी नेमबाजीचा गेम संगणकावर लोकप्रिय होता. २०२०मध्ये तो क्वेस्टवर आणताना, दोन्हीकडचे लोक एकत्र खेळावेत म्हणून संगणकावरच्या आवृत्तीच्याही दृश्यांचा दर्जा उतरवला गेला. महागडी कार्डं घेतलेल्यांनी आकाशपाताळ एक केलं. पुढच्याच वर्षी तो गेम बनवणारी कंपनी फेसबुकने विकत घेतली. बीट सेबरची कंपनी २०१९मध्येच घेतली होती. ‘सुपरनॅचरल’ या व्यायामाच्या ॲपची कंपनी मेटा घेत होती तेव्हा अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने कोर्टात विरोध केला, पण २०२३मध्ये कोर्टाने मेटाच्या बाजूने कौल दिला.

दुसरी बाजूही तितकीच दमदार आहे. मेटाच्या रिॲलिटी लॅब्ज विभागाचा तोटा २०२४ या एका वर्षात १,७०० कोटी डॉलरच्या वर होता. तो पैसा कुठेतरी गेला, आणि त्यातला काही तुमच्या हेडसेटची किंमत खाली ठेवण्यात गेला. क्वेस्ट ३एस तीनशे डॉलरला आला, व्हॉल्व्हचा इंडेक्स पूर्ण संच २०१९मध्ये ९९९ डॉलरला होता आणि वर संगणक वेगळा. ‘ॲसगार्ड्स रॅथ २’ किंवा बॅटमनचा ‘आर्खम शॅडो’ यांसारखे मोठे गेम या पैशाशिवाय निघाले नसते. व्हीआर खेळणाऱ्यांची संख्या एवढी कमी आहे, की केवळ विक्रीच्या भरवशावर तसा खर्च कुणी करत नाही. ज्यांना मेटा नको त्यांनाही मेटाने वाढवलेली बाजारपेठ हवी असते.

मालकाने दिवे मालवले तर

‘एको व्हीआर’ची गोष्ट प्रत्येक खरेदीदाराने ऐकावी. गुरुत्वाकर्षण नसलेल्या मैदानात तरंगत, भिंतींना धरून झेपावत चकती गोलमध्ये टाकायची. व्हीआरमधला खऱ्या अर्थाने खेळ म्हणावा असा हा प्रकार, आणि त्याच्या स्पर्धाही भरत. बनवणारी रेडी ॲट डॉन ही कंपनी फेसबुकने २०२०मध्ये घेतली. खेळणारे निष्ठावान होते, पण संख्येने कमी पडले. १ ऑगस्ट २०२३ला सर्व्हर बंद झाले आणि पुढच्या वर्षी ती कंपनीच मेटाने गुंडाळली. चाहत्यांनी आपल्या हिकमतीने खेळ पुन्हा सुरू केला, तो भाग वेगळा. त्यावरून घ्यायची खबरदारी अशी, की केवळ ऑनलाइन चालणाऱ्या गेमवर मोठी रक्कम टाकू नका, आणि एखादा असा गेम आवडता असेलच तर एकट्याने, इंटरनेटशिवाय खेळता येतील असे दोन-चार गेम हेडसेटमध्ये असू द्या.

दिवे मालवण्यात मेटा एकटी नाही. गुगलने डेड्रीम २०१६मध्ये आणला आणि २०१९मध्ये सोडून दिला. मायक्रोसॉफ्टचं उदाहरण जास्त बोचरं आहे. ‘विंडोज मिक्स्ड रिॲलिटी’वर चालणारे हेडसेट एचपी, लेनोवो, सॅमसंग अशा कंपन्यांनी विकले. एचपीचा रिव्हर्ब जी२ तर विमान उडवण्याच्या खेळांचे शौकीन हौसेने घ्यायचे. डिसेंबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने हा कारभार आवरत असल्याचं सांगितलं आणि विंडोज ११च्या २४एच२ अपडेटमधून तो काढूनच टाकला. ज्यांनी ते अपडेट घेतलं त्यांचा चालू, धडधाकट हेडसेट ओळखणंच संगणकाने बंद केलं. वस्तू एचपीची, पण जीव मायक्रोसॉफ्टच्या मुठीत. म्हणून खोक्यावरचं नाव वाचून थांबू नका, आतली प्रणाली कुणाची आहे ते बघा.

याच्या उलट उदाहरणही आहे, आणि ते गंमत म्हणजे फेसबुकच्याच घरातलं. ऑक्युलस गो हा २०१८चा स्वस्त हेडसेट बंद झाल्यावर, तेव्हा कंपनीशी जोडलेल्या जॉन कारमॅकने आतून पाठपुरावा केला आणि २०२१मध्ये त्याची कुलूप काढलेली प्रणाली सगळ्यांसाठी खुली झाली. कंपनीचे सर्व्हर उद्या नसले तरी तो हेडसेट हौशी माणसाला वापरता येतो. हे करता येतं, करायची इच्छा लागते. पहिल्या क्वेस्टच्या वाट्याला असं काही आलं नाही.

आपल्याकडचा नमुना छोटा आहे पण बोलका आहे. जिओने २०२३च्या आयपीएलच्या काळात १,२९९ रुपयांना जिओडाइव्ह काढला. फोन खोचायचा डबाच तो, पण त्याचं ॲप चालवायला जिओचंच नेटवर्क लागायचं. स्वस्त वस्तू घेताना तिला दोरी कुठे बांधली आहे ते पाहायची सवय इथूनही लावता येते.

‘मग मोठी कंपनीच नको’ असं ठरवलं तर पर्याय फार नाहीत. पिको हा क्वेस्टसारखाच हेडसेट टिकटॉकच्या बाइटडान्सचा आहे, म्हणजे एका सोशल मीडिया कंपनीकडून उठून दुसरीकडे जाणं. सोनीचा पीएसव्हीआर २ भारतात अधिकृत मिळतो, वॉरंटीसकट. २०२४पासून वेगळा ॲडाप्टर घेऊन तो संगणकालाही जोडता येतो, त्यामुळे प्लेस्टेशन ५ घरी असेल तर मला तोच इथल्या माणसासाठी सगळ्यात कमी कटकटीचा वाटतो. बिगस्क्रीन ही खरोखर छोटी कंपनी, तिचा पहिला बियाँड हेडसेट १२७ ग्रॅमचा होता. पण त्याची किंमत ९९९ डॉलर होती, कंट्रोलर आणि सेन्सर वेगळे, आणि तो तुमच्या मापाचा बनवायला सुरुवातीला आयफोनने चेहऱ्याचं स्कॅन मागत. व्हॉल्व्हने नोव्हेंबर २०२५मध्ये स्टीम फ्रेम जाहीर केला. स्टीमवर आधीच गेम असतील आणि घाई नसेल तर त्यावर नजर ठेवा. व्हॉल्व्हही काही धर्मादाय संस्था नाही, तिला आपलं दुकान चालवायचं आहे. पण सध्या तरी तिचा फायदा आणि तुमची मोकळीक एका दिशेला आहेत.

मुलांसाठी घेत असाल तर मेटाने २०२३पासून दहा वर्षांवरच्या मुलांना पालकांच्या देखरेखीखालचं अकाउंट दिलं आहे. ते पालकांच्या फोनवरून लावायचं असतं, मुलाला आपलं मोठ्यांचं अकाउंट देऊन मोकळं व्हायचं नाही. भारताचा २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानतो आणि त्यांचा डेटा घ्यायला पालकांची संमती मागतो, त्यामुळे संमती देताना काय देतो आहोत ते वाचून द्या. सुरुवातीचे काही दिवस मुलाला जे दिसतं ते टीव्हीवर किंवा फोनवर लावून बघा. अनोळखी माणसांचा आवाज ऐकू येतो तो बहुतेक फुकटच्या सामूहिक गेमांत. आणि खोलीत साधारण साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा हवी. आपल्याकडे छताचा पंखा ही खास भानगड आहे: उंच मुलाने हात वर करून तलवार चालवली की कंट्रोलर पात्याला लागतो. खेळताना तो पंखा बंद, उभा पंखा चालू.

मामाकडून मागवण्याऐवजी इथेच जुना घेण्याचा विचार असेल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन, हेडसेट डोक्याला लावून बघा. आधी भिंगं उजेडात तिरकी धरा. ऊन थेट भिंगावर पडलं तर आतला पडदा कायमचा जळतो, पांढऱ्या चित्रावर ते ठिपके दिसतात. कंट्रोलरची कांडी हात न लावता आपोआप सरकते का, ते बघा. दोन्ही डोळ्यांना चित्र एकसारखं स्पष्ट दिसेपर्यंत भिंगांतलं अंतर फिरवून पाहा. क्वेस्ट २ आणि ३एसमध्ये ते फक्त तीन टप्प्यांवर ठरतं, त्यामुळे काही डोळ्यांना जमतच नाही. मग विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याच्या फोनमधल्या मेटाच्या ॲपमधून हेडसेट काढायला लावा, सगळं पुसून मूळ स्थितीत आणायला लावा, आणि तुमचं लॉगिन होऊन पहिला पडदा दिसेपर्यंत पैसे देऊ नका. त्याच्या अकाउंटवरचे गेम तुमच्याकडे येणार नाहीत, तेव्हा ‘वीस गेमांसकट’ असं म्हणून तो जास्त पैसे मागत असेल तर ते वजा करूनच भाव बोला.